तुम्ही विचारलंत म्हणून : त्या पांढऱ्या चर्चला शिखर का नाही?

भारतातून कुणी आलं की मी त्यांना अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या, मेरीलँड राज्यातल्या अँटिएटमच्या रणांगणावर घेऊन जाते. फ्रेडरिकहून निघालं की साऊथ माउंटनचा डोंगर ओलांडायचा, अर्ध्या-पाऊण तासात शार्प्सबर्ग येतं. रस्त्याकडेची ती पांढरी इमारत दिसली की पाहुणे विचारतातच, "हे चर्च? शिखर नाही, घंटा नाही. शाळाच वाटते." आणि परतीच्या वाटेवर हळूच दुसरा प्रश्न येतो : "तुझं काय नातं या चर्चशी?"

शिखर नाही, कारण बांधणाऱ्यांना ते नकोच होतं. हे लोक ब्रदरेन या ख्रिस्ती पंथाचे. 1708 साली जर्मनीतल्या श्वार्झेनाउ गावी एडर नदीत आठ जणांनी बाप्तिस्मा घेतला आणि पंथ सुरू झाला. तिथे छळ झाला, तेव्हा 1719 पासून ही माणसं पेनसिल्व्हेनियात येऊ लागली. बाप्तिस्मा घ्यायचा तो वाहत्या पाण्यात, पुढे वाकून, तीन वेळा डोकं बुडवून. त्यावरून शेजारीपाजारी त्यांना 'डंकर' म्हणू लागले, म्हणजे बुडी मारणारे. शपथ घ्यायची नाही, शस्त्र उचलायचं नाही, गुलाम ठेवायचे नाहीत, अंगावर डामडौल नको. मग देवाच्या घरावर तरी कशाला? बायका आणि पुरुष वेगवेगळ्या दारांनी आत यायचे, वेगवेगळ्या बाजूंना बसायचे. प्रवचन सांगणाऱ्यासाठी उंच व्यासपीठही नव्हतं. तोही त्यांच्यातलाच एक शेतकरी.

आधी घरोघरी उपासना व्हायची. मग सॅम्युएल मम्मा यांनी आपल्या शेतातला तुकडा दिला आणि 1852 मध्ये विटांची ही इमारत उभी राहिली. डॅनियल मिलर यांनी बायबल दिलं. मंडळी म्हणजे आजूबाजूची जेमतेम अर्धा डझन शेतकरी कुटुंबं. गहू-मका पिकवायचा, गुरं सांभाळायची, रविवारी घोडागाडीने इथे यायचं. एवढंच त्यांचं जग.

14 सप्टेंबर 1862, रविवार. उपासना चालू होती आणि साऊथ माउंटनकडून तोफा ऐकू येत होत्या. पुढच्या एक-दोन दिवसांत उत्तर आणि दक्षिण, दोन्हीकडची फौज त्यांच्याच शेतांत येऊन उभी राहिली. मम्मा कुटुंब हाताला लागेल ते घेऊन घराबाहेर पडलं. 17 तारखेच्या सकाळी दक्षिणेच्या सैन्याने त्यांचं घर आणि कोठार पेटवून दिलं. शत्रूच्या नेमबाजांना आडोसा मिळू नये, एवढंच कारण. त्या एका दिवसात या शेतांत सुमारे 23 हजार माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. अमेरिकेच्या इतिहासात इतका रक्तपात दुसऱ्या कुठल्याच एका दिवसात झालेला नाही. आणि तो झाला बंदुकीला हात न लावणाऱ्यांच्या दारात. मी कितीदा तिथे उभी राहिले, तरी हे मनाला पटत नाही. लढाईनंतर दोनच दिवसांनी काढलेला एक फोटो आहे, चर्चच्या समोर पडलेल्या सैनिकांचा. मागे भिंतीला तोफगोळ्यांनी पडलेली भगदाडं स्पष्ट दिसतात.

मम्मांनी नुकसानभरपाई मागितली, ती नाकारली गेली. आग शत्रूने लावली होती, आपल्या सैन्याने नाही, असं सरकारचं म्हणणं. हा नियम मला आजही क्रूर वाटतो. त्यांनी मात्र पुढच्याच वर्षी, 1863 मध्ये, त्याच जागी घर पुन्हा बांधलं. 1864 पर्यंत चर्चही दुरुस्त होऊन उपासना सुरू झाल्या.

मला सगळ्यात जास्त धरून ठेवते ती पुढची गोष्ट. 1906 साली शार्प्सबर्गच्या पोस्टमास्तरांच्या नावे एक पत्र आलं. लिहिणारा जेम्स क्लार्क, नॉर्थ कॅरोलिनाचा जुना सैनिक. लढाईत आम्ही एक घर जाळलं होतं, ते कुणाचं होतं, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. पत्र फोडणारे पोस्टमास्तर होते सॅम्युएल मम्मा, धाकटे. जळालेलं घर त्यांच्याच वडिलांचं. त्यांनी उलट टपाली कळवलं की घर आमचंच होतं, पण तुम्ही हुकमाप्रमाणे वागलात, आमच्या मनात राग नाही. चव्वेचाळीस वर्षं त्या माणसाच्या मनाला ते घर टोचत होतं, आणि उत्तर आलं ते असं.

बायबलचीही एक कथा आहे. लढाईनंतर उत्तरेच्या एका सैनिकाने ते उचलून नेलं होतं. ते 1903 मध्ये परत आलं. परत पाठवायला मदत केली जॉन लुईस यांनी. हे मेरीलँडमध्येच जन्मलेले, कृष्णवर्णीय, स्वतः डंकर. उत्तरेत न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरापाशी जवळपास कुणी धर्मबंधू नसताना त्यांनी आपला पंथ सांभाळला होता. इमारत मात्र 1921 च्या वादळात कोसळली. आज उभी आहे ती 1962 मध्ये, जपून ठेवलेलं जुनं सामान जमेल तेवढं वापरून पुन्हा उभारलेली.

आता नात्याचं. याच पंथाचे मिशनरी 1894 मध्ये मुंबईला उतरले, आधी वलसाडला राहिले, पुढे डहाणूला आले. डहाणूचं मिशन हॉस्पिटल त्यांचं. माझी आई तिथेच जन्मली. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "मिशनच्या बाईंनी हात दिला म्हणून आम्ही दोघी वाचलो." आमच्या घरात कुणी ख्रिस्ती झालं नाही, कुणी तसं सुचवल्याचंही आजीने कधी सांगितलं नाही. त्या बाईंच्या मागची माणसं कोण, कुठली, हे मला शार्प्सबर्गला येईपर्यंत माहीत नव्हतं.

आई गेल्या उन्हाळ्यात आली होती. चर्चच्या पायरीशी तिने चपला काढल्या. काढायची गरज नसते, हे मी सांगितलं नाही. आत साधी लाकडी बाकं, पांढऱ्या भिंती, खिडकीतून येणारं ऊन. एका बाकावर बसली, थोड्या वेळाने मला विचारलं, "बायका कुठल्या बाजूला बसायच्या गं?" मी हाताने दाखवलं. ती उठली, पदर सावरला आणि त्या बाजूला जाऊन बसली.