आमेन म्हणायला लावू नकोस

प्रश्न तोंडं बदलून येतो, रोख मात्र तोच असतो. कुणी हसत विचारतं, कुणी चाचरत: "तुम्ही ख्रिस्ती मंडळी आमच्याशी इतकं गोड वागता, ते आम्हाला तुमच्यात ओढायलाच ना?" आणि त्याच्या पोटात आणखी एक, बहुतेक वेळा न विचारलेला: "आम्ही तुमचा देव मानत नाही, म्हणजे तुमच्या हिशेबी आम्ही नरकात जाणार. मग आमच्याशी हसून बोलता तरी कसे?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आडपडदा न ठेवता.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: काही जणांच्या बाबतीत, हो. ओढायलाच. असे लोक आमच्यात आहेत आणि ते तुम्हाला भेटलेही असतील, म्हणून तर विचारताय. ओळखायचं कसं? एकदा स्पष्ट 'नाही' म्हणा आणि त्यानंतर विचारपूस चालू राहते का ते बघा. येशूला हा प्रकार चांगला ठाऊक होता. एका माणसाला आपल्या धर्मात आणायला तुम्ही समुद्र आणि जमीन पालथी घालता, आणि तो आला की त्याला स्वतःच्या दुप्पट बिघडवता, असं तो परुश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुदी धर्मपंथाला, सुनावतो (बायबल, मत्तय, अध्याय २३). प्रवचनाला हे वचन फारसं कुणी घेत नाही. घ्यायला हवं.

पण सगळ्यांचं तसं नाही, आणि माझंही नाही. ते कशाच्या जोरावर म्हणते, ते सांगते.

लूकच्या शुभवर्तमानात येशूनं सांगितलेली चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट बहुतेकांना माहीत असते: रस्त्यात जखमी होऊन पडलेल्या माणसाला तो मदत करतो. ती ऐकताना आम्ही ख्रिस्ती लोक नकळत शोमरोन्याच्या जागी जाऊन बसतो: आम्ही मदत करणारे, तुम्ही रस्त्यात पडलेले. गोष्ट मुळात उलटी आहे. ऐकणारे यहुदी होते आणि शोमरोनी म्हणजे त्यांच्या लेखी चुकीच्या डोंगरावर चुकीची उपासना करणारा. धर्मशास्त्र कोळून प्यालेले याजक आणि लेवी (मंदिराचे सेवक) बाजूनं निघून जातात. हा परका जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, जखमी माणसाला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो, दोन दिनार मोजतो आणि जास्त खर्च झाला तर परतताना देईन म्हणतो. आधीच्याच अध्यायात एक छोटा प्रसंग आहे, तो मला या गोष्टीहूनही आवडतो. एका शोमरोनी गावानं येशूला उतरू दिलं नाही. त्याचे शिष्य याकोब आणि योहान भडकले: आकाशातून अग्नी पाडायची आज्ञा करू का? येशूनं त्यांनाच दटावलं. पुढे लूक एवढंच लिहितो की ते दुसऱ्या गावाला गेले. संपलं. त्या गावाबद्दल शापाचा एक शब्द नाही.

याच लूकनं बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक लिहिलं. तिथं येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलाचं गलबत फुटतं आणि २७६ माणसं भिजून, गारठून माल्टाच्या किनाऱ्याला लागतात. बेटावरचे लोक ख्रिस्ती नाहीत की यहुदी नाहीत. पाऊस पडतोय, थंडी आहे, म्हणून ते शेकोटी पेटवतात आणि सगळ्यांना जवळ घेतात. पौल काय करतो? काटक्या गोळा करतो. पुढे तो तिथल्या आजाऱ्यांवर हात ठेवतो, ते बरे होतात, निघताना लोक लागेल ते सामान गलबतावर चढवून देतात. तीन महिने हे सगळे तिथं राहिले, आणि त्या तीन महिन्यांत बेटावरच्या कुणी विश्वास ठेवला किंवा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) घेतला, असं एक अक्षर लूक लिहीत नाही. हाच लूक इतर ठिकाणी अशा नोंदी आवर्जून करतो, माणसांचे आकडेसुद्धा देतो! इथं त्यानं फक्त त्या लोकांची माणुसकी लिहून ठेवली. आम्ही देणारे आणि तुम्ही घेणारे, असा हिशेब ज्यांच्या डोक्यात असतो त्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा. माझ्या आयुष्यात मला ज्यांनी सावरलं त्यांतले निम्मे तरी देव न मानणारे निघतील.

ग्रंथातलं ठीक, इतिहासाचं काय, असं तुम्ही म्हणाल. इतिहास दोन्ही बाजूंनी साक्ष देतो, आणि गंमत म्हणजे कधी कधी एकाच माणसाच्या तोंडून. चर्चबाहेर तारण (मुक्ती) नाही, हे वचन तिसऱ्या शतकातल्या, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या सिप्रियन या बिशपकडे जातं. त्याच सिप्रियनच्या काळात, २५० मध्ये, रोमन सम्राट डेसियसनं सर्वांनी देवतांना यज्ञ अर्पावा असा हुकूम काढला. नाकारणाऱ्या ख्रिस्ती लोकांचे हाल झाले. पाठोपाठ भयंकर साथ आली. कार्थेजमध्ये लोक घरच्याच आजाऱ्यांना टाकून पळू लागले. सिप्रियननं आपल्या लोकांना गोळा करून काय सांगितलं ते त्याचा चरित्रकार पॉन्टियस लिहितो. मथितार्थ असा: आपल्याच माणसांची काळजी घेतली तर त्यात नवल ते काय, तेवढं लोकांच्या तिरस्काराचे धनी असलेले जकातदारही करतात, जे आपले नाहीत त्यांचीही घ्या. ज्यांच्या समाजानं कालपरवा छळ मांडला होता, त्यांच्याबद्दल हे चाललं होतं. पुढे २५८ मध्ये त्याच साम्राज्यानं सिप्रियनचा शिरच्छेद केला. आणखी शंभरेक वर्षांनी सम्राट ज्युलियन, जो ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे परतला होता, एका पत्रात वैतागून लिहितो की हे गालीलवाले (म्हणजे ख्रिस्ती) आपले गरीब तर पोसतातच, वर आमचेही पोसतात. विरोधकानं त्राग्यानं दिलेलं असं प्रशस्तिपत्र आजच्या आम्हाला मिळेल का, शंकाच आहे.

आणि ते चर्चबाहेर तारण नसल्याचं वचन? सिप्रियन बोलत होता ते पाखंडी आणि फुटीर ख्रिस्ती गटांच्या वादात. पुढे ते सगळ्या जगावर ताणलं गेलं. १४४२ मध्ये चर्चच्या फ्लॉरेन्सच्या परिषदेनं यहुदी आणि मूर्तिपूजकांनाही नाव घेऊन शाश्वत अग्नीत धाडलं. हे लपवून मला काही साधायचं नाही. १९६४ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं म्हटलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना देवाची स्पष्ट ओळख झालेली नाही, पण जे नीट जगायची धडपड करतात, त्यांनाही देव तारणासाठी लागणारी मदत नाकारत नाही. पुढच्या वर्षी तीच परिषद नास्तिकतेबद्दल बोलताना म्हणाली की ती वाढण्यात श्रद्धावंतांचाही वाटा आहे. त्यांच्या जगण्यामुळे देवाचा खरा चेहरा झाकला जातो. पाचशे वर्षं लागली. उशीर झाला, कबूल.

आता माझ्या डोळ्यांसमोरचं एक. माझे एक वरिष्ठ सहकारी होते, मी त्यांना सर म्हणायचे. पक्के नास्तिक. वादात मला कधीच जिंकू दिलं नाही त्यांनी. शेवटच्या आजारात मी म्हटलं, "तुमच्यासाठी प्रार्थना करते, चालेल ना?" म्हणाले, "तू खुशाल कर. मला फक्त आमेन म्हणायला लावू नकोस." नंतर शुद्ध हरपली. ओठ कोरडे पडायचे, म्हणून मी ओला कापसाचा बोळा फिरवत बसायचे. एक दिवस आमच्या चर्चमधल्या एक बाई भेटायला आल्या. मनानं खरंच चांगल्या, लोकांच्या आजारपणात रात्री जागवणाऱ्या. कानाशी लागून म्हणाल्या, "पाणी तुझ्या हातात आहेच. कपाळावर थोडं ओत, बाप्तिस्म्याचे शब्द म्हण. कुणाला कळणार आहे?"

मी बोळा ओठांवरच फिरवला.

माझ्या बाजूनं नियमही होता. कॅनन कायद्याचा, म्हणजे कॅथलिक चर्चच्या नियमसंहितेचा, ८६५ वा नियम सांगतो की प्रौढ माणसानं बाप्तिस्म्याची इच्छा व्यक्त केलेली असली पाहिजे, मरणाच्या दारातही. पण त्या क्षणी मला नियम आठवला नव्हता. शुद्धीत असताना ज्यानं विचार करून 'नाही' म्हटलं, त्याच्याकडून बेशुद्धीत 'हो' वसूल करायचं ही मला चोरी वाटली. प्रार्थना मी घरी जाऊन केली. ती त्यांनी मंजूर केली होती.

मग सर कुठं गेले? हाच तुमचा दुसरा प्रश्न. बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम नव्हे, तो देव करील, असं पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना लिहितो, आणि पौलानं जे काम अंगावर घेतलं नाही ते मी कशाला घेऊ? शिवाय 'आतले' आणि 'बाहेरचे' ही रेघ वाटते तितकी सरळ नाही. मिलानचे कार्डिनल कार्लो मारिया मार्तिनी यांनी १९८७ मध्ये 'अश्रद्धांचं व्यासपीठ' सुरू केलं. तिथं देव न मानणारे बोलायचे आणि चर्चची माणसं ऐकायची. मार्तिनींचं म्हणणं होतं की प्रत्येकाच्या आत एक श्रद्धावंत आणि एक अश्रद्ध असतो आणि दोघांची सतत हुज्जत चालते. माझ्या आतला अश्रद्ध काही वेळा सरांच्याच आवाजात बोलतो, आणि त्याचे मुद्दे बिनतोड असतात.

एवढं सांगितलं म्हणून मला सगळं सारखंच वाटतं असं मात्र समजू नका. तुम्ही येशूला ओळखावं असं मला वाटतं. जे मला सर्वांत मोलाचं वाटतं ते तुम्हाला मिळालं तर आनंदच होईल, आणि तसं नाही असं म्हणाले तर ती तुमच्याशी केलेली लबाडी ठरेल. फक्त, माझा तो आनंद पुरवायची जबाबदारी तुमच्यावर नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात आम्हाला सांगितलं आहे की तुमच्या आशेबद्दल जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यपणे आणि आदरानं. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. पुन्हा विचारलंत तर पुन्हा सांगेन. नाही विचारलंत तर दुसरं काही बोलू, विषय पुष्कळ आहेत.