तुम्ही विचारलंत म्हणून: ताप असताना तीनदा रक्त कशाला?

हृदयाची झडप बदललेल्या पेशंटला ताप आला की नातेवाईक चिडून विचारतात, "अँटिबायोटिक द्यायचं सोडून रक्त काय काढत बसलाय?" चिडणं साहजिक आहे. पण झडपेलाच जंतुसंसर्ग (एंडोकार्डायटिस) झालाय का हे कळायला रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखावे लागतात, यालाच कल्चर म्हणतात. त्यासाठी रक्त घ्यायचं ते असं: तीन वेगळ्या जागांवरून, निदान अर्ध्या-अर्ध्या तासाने, दर वेळी दोन बाटल्या, प्रत्येकीत 8 ते 10 मिली. कमी रक्त घेतलं तर विरळ जंतू निसटतात.

खरा घात त्याआधीच झालेला असतो. ताप येतो, जवळच्या दवाखान्यातून पाच दिवसांच्या गोळ्या मिळतात, ताप उतरतो. रक्तातले जंतू कमी होतात. पण झडपेवर साचलेल्या गाठीत रक्तवाहिन्या नसतात, आत खोलवर जंतू सुस्त पडून राहतात आणि तेवढ्या गोळ्यांना पुरून उरतात. काही दिवसांनी पुन्हा ताप, पुन्हा गोळ्या, या वेळी दुसऱ्या. शेवटी पेशंट येतो तो धाप लागूनच. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडप गळताना दिसते आणि कल्चर मात्र निगेटिव्ह. मग नैसर्गिक झडपेला साधारण 4 आठवडे, कृत्रिम झडपेला 6, शिरेतून काय द्यायचं ते अंदाजाने ठरवावं लागतं.

तीनच का? कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस एका बाटलीत उगवला तर बहुधा तो सुईबरोबर आलेला पाहुणा. तोच तिन्ही वेळा उगवला आणि झडप कृत्रिम असेल, तर तोच चोर. म्हणून क्लोरहेक्सिडीन लावून ते वाळू द्यायचं, मग शिरेला पुन्हा बोट लावायचं नाही, बाटलीचं बूचही स्पिरिटने पुसायचं आणि आधीच लावलेल्या सलाइनच्या सुईतून रक्त घ्यायचं नाही. घाईत नेमकं हेच चुकतं, हे मान्य.

पूर्वी आम्हीच सांगायचो, थंडी वाजली की रक्त काढा. या आजारात जंतू रक्तात सतत असतात, तेव्हा वाट पाहण्यात अर्थ नाही. पेशंटचं बीपी कोसळत असेल तर मधला अर्धा तासही सोडतो. जागा बदलून लागोपाठ रक्त घेतो आणि लगेच औषध सुरू करतो.

इतकं करूनही काही कल्चर निगेटिव्हच राहतात. कॉक्सिएला, बार्टोनेला हे जंतू या बाटल्यांत सहसा उगवतच नाहीत, त्यासाठी वेगळ्या तपासण्या लागतात. पण आधी गोळ्या झाल्यात की नाही हे ठाऊक नसेल, तर या तपासण्या मागवायच्या की नाही तेही ठरवता येत नाही. चिठ्ठी हरवली असेल तर गोळ्यांचं रिकामं पाकीट आणा.