मृगाच्या बाणाखालचा ठिपका

एक्स-37बी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंच, असं 2022 च्या फेब्रुवारीत ठरवलं. अमेरिकी लष्कराचं हे बिनमाणसांचं अवकाशविमान जेमतेम 9 मीटर लांब, म्हणजे आपल्या एसटीपेक्षा आखूड. 17 मे 2020 ला ते सहाव्या मोहिमेवर गेलं होतं. पोटात काय काय आहे ते सगळं सांगत नाहीत, कक्षाही जाहीर करत नाहीत. पण उन्हात चमकणारी वस्तू लपवणार कुठे? हौशी निरीक्षक वेळा मोजून तिची कक्षा काढतात. त्यांचेच आकडे घेतले.

वांगणीजवळचा माळ, 10×50 ची दुर्बीण, सोबत दहावीतली भाची. आपल्याकडे अंधार आणि वर चारेकशे किलोमीटरवर ऊन, असा सूर्यास्तानंतरचा तासभरच हाताशी असतो. पहिल्या दोन संध्याकाळी काहीच दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी दुर्बीण मृगाच्या बाणाखाली रोखून ठेवली. वेळ झाली, टळलीही. मी मान वर करणार, तेवढ्यात भाची म्हणाली, "मामा, अजून थांब ना!"

आणि उजवीकडून एक फिकट पांढरा ठिपका आत शिरला. लुकलुकत नव्हता, नुसता सरकत होता. दोन ताऱ्यांमधली रेघ त्याने ओलांडली तसा मी "आत्ता!" म्हणालो, तिने घड्याळ दाबलं. 41 सेकंद उशीर! म्हणजे आकड्यांच्या हिशेबापेक्षा यान थोडं उंचावर होतं. कक्षा जितकी उंच तितकी फेरी लांबते.

2012 मध्ये, आधीच्या एका मोहिमेवेळी, बोललं जायचं की एक्स-37बी चीनच्या तियांगोंग-1 या अवकाशस्थानकावर पाळत ठेवतंय. मलाही ते खरं वाटायचं. आता कागदावर दोघांच्या तेव्हाच्या कक्षा काढून पाहिल्या. विषुववृत्ताशी कल सारखाच, पण दिशा वेगळ्या. वाटा जिथे छेदतात तिथे दोघं एकमेकांजवळून सेकंदाला काही हजार मीटर वेगाने जाणार. अशी पाळत ठेवता येत नाही.

माझं मत सरळ आहे: ही उडती प्रयोगशाळा आहे. नुसती टेहळणी करायची तर पंख आणि चाकं कशाला? नवं उपकरण वर महिनोन्‌महिने वापरायचं, मग खाली आणून उघडून बघायचं, यासाठीच ती लागतात. चौथ्या मोहिमेत नव्या विद्युत इंजिनाची चाचणी झाली, हे तर लष्करानेच सांगितलं होतं.

12 नोव्हेंबर 2022 ला, 908 दिवसांनी, ते अमेरिकेतल्या केनेडी अवकाश केंद्रावर उतरलं. भाचीने वहीत आमच्या नोंदीखाली ती तारीख लिहिली आणि पुढचं पान कोरं सोडलं.