लष्करातला गुलाबी चहा

डिसेंबरात तानसेन समारोहासाठी ग्वाल्हेरला गेले. गाणं ऐकलं, किल्ला चढले, जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावरून धावणारी चांदीची आगगाडी पाहिली. त्या सगळ्यावर इतरांनी भरपूर लिहून ठेवलं आहे. मला लिहायचंय ते लष्कर भागातल्या एका स्वयंपाकघराबद्दल.

दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे १८१० मध्ये पडला आणि त्या तळाचंच पुढे शहर झालं, म्हणून नाव लष्कर. शिंद्यांच्या मागोमाग आलेली मराठी घरं अजून तिथल्या गल्ल्यांमध्ये आहेत. अंगणात तुळशीवृंदावन, देवघरात टाक, आणि बोलण्यात चहाच्या पावडरीला ‘पत्ती’. माझ्या मैत्रिणीच्या आत्या तिथे राहतात. मी हॉटेलात उतरलेय हे कळल्यावर त्यांचा फोन आला. “अगं, हॉटेलात कशाला? आमचं घर काय ओस पडलंय?” सामान उचलून त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. बरंच झालं. हॉटेलात ग्रीन टीचे १८० रुपये घेतले होते आणि कपात आलं होतं खळखळत्या पाण्यात बुडवलेल्या पिशवीचं कडू पाणी. इतक्या कडक पाण्यात हिरवा चहा टिकत नाही. त्याला सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी पुरतं. पैसे घेणाऱ्याला एवढं माहीत असायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

आत्यांच्या यजमानांना सगळे भाऊ म्हणतात. नोकरीच्या निमित्ताने ते काही वर्षं श्रीनगरला होते आणि चहाचा नाद त्यांना तिथे लागला. आता मुलं-भाचरं जिथून येतात तिथला चहा घेऊन येतात. पितळी डब्यांची एक अख्खी फळी आहे. बाहेर कोहरा इतका दाट, की समोरच्या घराचा सज्जा दिसत नव्हता, आणि आत भाऊ एकेक डबा उघडून माझ्या नाकाशी धरत होते.

चीनच्या फूच्येन प्रांतातला पांढरा चहा म्हणजे नुसत्या लवदार कळ्या. खुडायच्या, कोमेजू द्यायच्या, वाळवायच्या. पाण्यात जेमतेम पिवळसर झाक उतरते. जपानचा सेंचा वाफवलेला, म्हणून रंग गवतासारखा हिरवा. चिनी हिरवा चहा कढईत परततात, त्याचा वास भाजका. उलाँग मधाच्या रंगाचा. आसामचा तांबडा. युन्नानचा पुअर तर वडीसारखा थापलेला, आणि कपात कॉफीइतका काळा. ही सगळी पानं एकाच झाडाची, हे मी वाचलं होतं, पण सहा कप खिडकीच्या कठड्यावर ओळीने ठेवलेले पाहिले तेव्हा ते पटलं. पान चुरगळलं की त्यातला रस हवेला भेटतो आणि ते तांबूस होऊ लागतं. लगेच उष्णता दिली तर हिरवं राहतं, मध्येच थांबवलं तर उलाँग, पुरतं होऊ दिलं तर आपला नेहमीचा चहा. पुअरची गोष्ट वेगळी, तो नंतर मुरवतात. “थांबवायचं कधी, एवढीच तर विद्या आहे,” भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी नून चाय, म्हणजे काश्मीरचा मीठ घातलेला गुलाबी चहा, करायला घेतली, आणि तिथून मी हलले नाही.

काश्मिरी हिरवी पत्ती, गार पाणी, आणि खायच्या सोड्याची अगदी चिमूट. गॅसवर पातेलं चढलं. पहिली पंधरा मिनिटं नुसतं मळकट, शेवाळी पाणी. आत्या दोनदा डोकावून गेल्या. “काही होत नाहीये हो तुमचं. मी अद्रक घालून टाकू का?” भाऊ काही बोलले नाहीत. पळीने पाणी उचलून हातभर उंचीवरून परत पातेल्यात सोडत राहिले, पुन्हा पुन्हा. सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी होतं. वरून सोडताना त्यात हवा मिसळते, आणि पानातली पॉलिफेनॉल द्रव्यं हळूहळू लाल होतात. हे त्यांनी मला हात न थांबवता समजावलं. त्यांचं वय सत्तरीच्या पुढचं. पळी मी मागितली तेव्हा दिली, पण नजर माझ्या मनगटावर. “घाई नको. धार मोडायला नको.”

पाणी निम्मं आटलं. मग त्यांनी फ्रीजमधलं गार पाणी भसकन ओतलं आणि पुन्हा आच वाढवली. पातेल्याच्या कडेला पहिल्यांदा डाळिंबी रेघ दिसली. मी ओरडलेच. आत्या पोळ्या टाकून आल्या. आणखी थोड्या वेळाने सगळं पाणी काळपट लाल झालं होतं. त्यात तापलेलं दूध पडलं आणि डोळ्यांसमोर गुलाबी झालं. रंगाचा एक थेंबही घातलेला नव्हता. शेवटी मीठ, वेलची आणि वर सायीचा तुकडा.

पहिला घोट विचित्र लागतो, हे खरं. जिभेला साखरेची सवय असते. दुसऱ्या घोटाला मी मिठाला शरण गेले. सोबत आत्यांच्या तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. श्रीनगरला याच्याबरोबर तंदुरातली रोटी खातात, पण मला पुऱ्याच आवडल्या आणि मी ते भाऊंना सांगितलंही. ते खूश झाले. आत्या त्याहून जास्त.

त्या चहाला तासाहून अधिक वेळ लागला. एका पाहुणीसाठी एवढा वेळ उभं राहणारं माणूस मला इतक्या प्रवासांत क्वचित भेटलं आहे. शेजारच्या मुलांनाही कप गेले, दूधवाल्यालाही.

पुण्याला परतल्यावर एका कॅफेत पाटीवर ‘काश्मिरी पिंक टी’ दिसला म्हणून मागवला. आला तो खाऊच्या गोळीसारखा भडक, गुलाबाच्या सिरपच्या वासाचा आणि गोडमिट्ट. मी तो परत पाठवला, आणि मॅनेजरशी भांडलेसुद्धा. खरा रंग जरा मळकट असतो, त्यात किंचित तपकिरी झाक असते. शंका आली तर दूध घालण्याआधीचा अर्क दाखवा म्हणावं. तो काळपट लाल असायलाच हवा. त्या कॅफेत असा अर्कच नव्हता.