आधी हिशेब मांड

नववीत असताना प्रयोगशाळेत थर्मामीटर फुटला. हात लागला माझ्या जोडीदाराचा, पण पारा गोळा करायला खाली वाकलेला मी होतो. पाऱ्याचे गोळे फरशीवर सैरावैरा पळत होते, वहीच्या पुठ्ठ्याने अडवायला गेलं की एकाचे चार होत होते. "कोणी फोडला?" बाईंनी विचारलं. मी मान वर करून मित्राकडे बघितलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

माझं मॉनिटरपद गेलं. आठवडाभर विज्ञानाच्या तासाला वर्गाबाहेर उभा राहिलो. पण या सगळ्यापेक्षा ते बुटांकडे बघणं मला जास्त लागलं. तिसरीपासून आम्ही एका बाकावर बसत होतो.

माझं घर ख्रिस्ती. प्रभूची प्रार्थना बोलायला लागल्यापासून तोंडपाठ. त्या आठवड्यात सकाळच्या प्रार्थनेत "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" ही ओळ आली की मी ओठ मिटून घ्यायचो. खोटं कसं म्हणायचं?

पुढच्या सोमवारी एका मुलीने बाईंना खरं काय ते सांगितलं. बाईंनी मला आत बोलावलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "माझं चुकलं. नीट चौकशी न करता मी तुला शिक्षा केली. मला माफ कर." मोठ्या माणसाने लहानाची अशी क्षमा मागितलेली मी तोवर पाहिली नव्हती. मान डोलावण्यापलीकडे मला काही सुचलं नाही.

मित्र मात्र गप्पच होता. मी बाक बदलला. बाईंनी ते पाहिलं, पण "जाऊ दे रे, मित्रच आहे" असं काही त्या म्हणाल्या नाहीत. मधल्या सुट्टीत कोरा कागद हातात देऊन म्हणाल्या, "तुझं नेमकं काय काय गेलं ते लिही." मी लिहिलं : मॉनिटरपद, सहा तास, घरी बसलेली बोलणी. शेवटी लिहिलं : तो. बाईंनी कागद वाचून मलाच परत दिला. "आधी हिशेब मांड. जो हिशेबच मांडला नाही तो सोडणार कसा?"

त्या आम्हाला गणितही शिकवायच्या आणि बायबलचा तासही घ्यायच्या. त्याच आठवड्यात त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला येशूचा दाखला, म्हणजे बोधकथा, फळ्यावर गणितासारखा सोडवला. राजा हिशेब घ्यायला बसतो, तिथून तो दाखला सुरू होतो. चाकर राजाचं दहा हजार तालांत देणं लागतो. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार देनार, आणि एक देनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे देणं झालं 6,00,00,000 दिवसांच्या मजुरीचं. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तरी ते फेडायला 2,00,000 वर्षं लागतील. राजाने ते सगळं सोडलं, आणि तोच चाकर बाहेर पडून शंभर देनारांसाठी सोबत्याची मानगूट धरतो. इथे आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. "शंभर दिवसांची मजुरी थोडी नसते," त्या म्हणाल्या. "येशूने त्या कर्जाला क्षुल्लक म्हटलेलं नाही."

हे वाक्य मला आयुष्यभर पुरलं आहे. दुखावलेल्या माणसाला "क्षमा कर, नाहीतर देव तुला क्षमा करणार नाही" असं लगेच ऐकवणारे पुष्कळ भेटतात, चर्चच्या मंडळीतही भेटतात. त्यांना दहा हजार तालांत दिसतात, समोरच्याचे शंभर देनार दिसत नाहीत. माझ्या मते हा त्या दाखल्यावर अन्याय आहे.

पुढे धंद्यात भागीदाराने मला मध्येच सोडलं आणि दोघांच्या सहीचं कर्ज मी एकट्याने फेडलं. तेव्हा पुन्हा कागद घेऊन बसलो. त्या दिवसांत मला आधार झाला तो बायबलमधल्या, प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायाचा. पौल तुरुंगातून लिहितो की पहिल्या सुनावणीला माझ्या बाजूने कोणीच उभं राहिलं नाही, सगळे सोडून गेले. तरी त्याचा हिशेब त्यांच्याकडून घेतला न जावो, असं तो म्हणतो. आणि त्याच्या लगेच आधी तो तीमथ्याला बजावतो की माझं पुष्कळ वाईट केलेल्या आलेक्सांद्र तांबटापासून तूही जपून राहा. त्याच अध्यायात तो मार्कालाही बोलावतो, माझ्या सेवेसाठी तो उपयोगी आहे म्हणून. हा तोच मार्क, जो प्रचाराच्या प्रवासात पंफुल्या प्रांतातून अर्ध्यावरून परतला होता आणि ज्याच्यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांची फाटाफूट झाली होती. क्षमा, सावधपणा आणि पुन्हा ठेवलेला विश्वास, तिन्ही एकाच पानावर.

भागीदाराला मी मनापासून क्षमा केली आहे. त्याच्याबरोबर पुन्हा धंदा केलेला नाही, करणारही नाही, आणि त्याने माझी क्षमा उणी पडते असं मला वाटत नाही. तरी कधी रात्री ते हप्ते आठवतात आणि आतून पेटायला होतं. मग परत सोडावं लागतं. किती वेळा क्षमा करायची, "सात वेळा का?" असं येशूचा शिष्य पेत्र याने विचारलं तेव्हा तो नव्या नव्या अपराधांबद्दल विचारत असेल. मला तर येशूने दिलेलं सत्तर वेळा साताचं उत्तर एकाच अपराधासाठी लागलं.

त्या थर्मामीटरचं पुढे काय झालं ते राहिलंच. बाईंनी एकदा योहानाचं शुभवर्तमान वाचून दाखवलं. पेत्राने येशूचा शिष्य असल्याचं तीनदा नाकारलं तेव्हा अंगणात कोळशांचा विस्तव होता, आणि पुनरुत्थानानंतर येशूने त्याला तीनदा "माझ्यावर प्रीती करतोस काय?" विचारलं तेव्हाही किनाऱ्यावर कोळशांचाच विस्तव होता. वाचताना त्यांनी आम्हा दोघांकडे एकदाही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रयोगासाठी जोड्या लावल्या, तेव्हा मात्र आम्हा दोघांना त्याच टेबलाशी उभं केलं. नवा थर्मामीटर त्याने धरायचा, आकडे मी वाचायचे. पाणी तापत गेलं. ऐंशीच्या आसपास तो हळूच म्हणाला, "मी सांगायला हवं होतं." मी म्हणालो, "हो." शंभरापर्यंत आम्ही दुसरं काही बोललो नाही. पुढच्या आठवड्यात मी माझ्या जुन्या बाकावर गेलो.

या स्मरणिकेसाठी लेख मागायला फोन आला तो त्याचाच. थर्मामीटरचं लिहू का, असं मी विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "लिही. आणि मी बुटांकडे बघत होतो, तेही लिही."