बंड्या मादी निघाली: बजीचं नाक ओळखताना

दुकानातून बजींची, म्हणजे त्या छोट्या पाळीव पोपटांची, ‘जोडी’ घेतली की दोन पक्षी मिळाले, एवढंच खरं धरावं. नर कोणता आणि मादी कोणती हे शेवटी आपलं आपणच बघायचं असतं, आणि त्याला महिने लागतात. आमची दोन्ही पिल्लं आणली तेव्हा अगदी कोवळी होती. एक साधं हिरवं, दुसरं पिवळंधम्मक, लाल डोळ्यांचं, म्हणजे ल्युटिनो. दुकानदाराने तिथल्या तिथे निकाल दिला: “हिरवा नर, पिवळी मादी. एकाचं नाक निळसर, एकाचं गुलाबी, बघा ना ताई!” घर येईपर्यंत लेकीने नावंही ठेवून टाकली, बंड्या आणि हळद.

नाक म्हणजे चोचीच्या वरचा, नाकपुड्या असतात तो मांसल पट्टा. मोठ्या नराचा तो गडद निळा आणि मोठ्या मादीचा तपकिरी, हे बजी पाळणाऱ्या कुणालाही विचारा, सांगेल. घोळ होतो तो पिल्लांच्या बाबतीत. कोवळ्या नराचं नाक नाकपुड्यांच्या कडेपर्यंत सगळं एकसारखं गुलाबी-जांभळं असतं. कोवळ्या मादीचं फिकट असतं, कधी पांढरट, कधी चक्क निळसर, पण नाकपुड्यांभोवती पांढरी कडी दिसतात. म्हणजे पिल्लाच्या नाकात नुसता निळा रंग बघून नर म्हणायचं काही कारण नाही. बंड्याच्या नाकावर ती पांढरी कडी पहिल्या आठवड्यातच मला दिसली होती, पण घरात माझं कोण ऐकतंय!

मला हे लवकर कळायला हवं होतं ते मडक्यामुळे. सासूबाईंनी हौसेने बाजारातून बजींचं अंडी घालायचं मडकं आणून ठेवलं होतं आणि “टांग की ते पिंजऱ्यात” असा रोज धोशा. पण मादी वर्षाची होण्याआधी अंड्यावर बसवू नये. कोवळ्या मादीचं अंडं अडकलं तर जिवावर बेततं. शिवाय दोघी माद्याच निघाल्या असत्या तर मडक्यावरून रक्त निघेपर्यंत भांडल्या असत्या. माद्या जागेसाठी फार कडक असतात. तेव्हा मडकं माळ्यावर गेलं आणि आम्ही नाकं बघत बसलो.

बघायलाही शिकावं लागतं. हॉलमधल्या पांढऱ्या एलईडीखाली सगळंच निळसर दिसतं आणि मोबाईल आपल्या मनाने रंग खुलवतो. म्हणून मी दर रविवारी सकाळी, खिडकीपाशी, ऊन थेट पडत नसेल अशा जागी, त्याच अंतरावरून समोरून फोटो काढायचे. फ्लॅश नाही, फिल्टर नाही. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही; पहिला आणि पाचव्या महिन्यातला फोटो शेजारी ठेवला की वाद मिटतो.

नाकाआधी वय बघावं. साध्या रंगाच्या पिल्लाच्या कपाळावर काळ्या रेघा अगदी नाकापर्यंत आलेल्या असतात आणि डोळा पूर्ण काळा असतो. तीन-चार महिन्यांचं झालं की पहिली पिसं गळतात, रेघा मागे सरकतात, कपाळ स्वच्छ होतं. मग हळूहळू बुबुळाभोवती फिकट कडं उमटतं. बंड्याचं हे सगळं क्रमाने झालं. हळदीच्या कपाळावर मुळात रेघाच नव्हत्या, ल्युटिनोत त्या दिसत नाहीत, त्यामुळे तिथे आमचं वाचन बंद.

कपाळ स्वच्छ झाल्यावर बंड्याच्या नाकातला निळसरपणा ओसरला. आधी पांढुरकं, मग बदामी, आणि वर्ष भरत आलं तसं पातेल्याच्या तळाला करपलेल्या दुधाच्या खरवडीसारखं, तपकिरी, खरखरीत, पापुद्रे सुटलेलं. मादी अंड्यावर यायला लागली की नाक असंच होतं. तो आजार नाही. ते खरवडायचं नाही, तेल लावायचं नाही. (शेजारच्या काकूंनी खोबरेल सुचवलं होतं.) हंगाम ओसरला की ते पुन्हा फिकट पडतं.

हळदीचं नाक मात्र आहे तसंच राहिलं, गुलाबी-जांभळं, गुळगुळीत. ‘अजून लहान आहे, निळं होईल’ असं सगळे म्हणत राहिले. ते निळं होणारच नव्हतं. ल्युटिनो, अल्बिनो (म्हणजे पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे) आणि काही पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या जातींतल्या नरांचं नाक जन्मभर गुलाबीच राहतं. मादी असती तर एव्हाना तपकिरी व्हायला लागलं असतं. वागणंही त्याला साजेसं होतं: दिवसभर किलबिलाट, घंटीला चोचीने टकटक, मान खालीवर हलवत बंड्याला दाणे भरवणं. बंड्या गप्प, कॅलेंडरच्या कडा कुरतडणारी, आणि चावली की बोटातून रक्त. पण केवळ वागण्यावर मी कधीच पैज लावणार नाही. बडबड्या माद्या असतात आणि घुमे नरही असतात.

नखं कापायला पक्ष्यांच्या डॉक्टरकडे गेलो तेव्हा डीएनए चाचणीबद्दल विचारलं. छातीची दोन-चार पिसं मुळासकट उपटून प्रयोगशाळेत पाठवतात. गळून पडलेलं पीस चालत नाही. घाई असेल, किंवा नाकावरून कळतच नसेल, तर तोच रस्ता. कमरेची हाडं चाचपून सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आम्ही चाचणी केली नाही, कारण तोवर दोन्ही नाकांनी आपापलं सांगून झालं होतं. डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र बजावली: मोठ्या, निळ्या नाकाच्या नराचं नाक तपकिरी व्हायला लागलं तर ‘ही मादीच होती की काय’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. वृषणात गाठ झाली की असं होतं. तेव्हा लगेच दाखवायचं.

नावं बदलायची नाहीत हे लेकीने जाहीर केलंय, त्यामुळे आमच्याकडे बंड्या मादी आहे आणि हळद नर. मडकं अजून माळ्यावरच आहे आणि सासूबाईंचा धोशा चालूच आहे. त्यांच्या बाजूने एक मुद्दा आहे, तो मी अजून त्यांना सांगितलेला नाही. ल्युटिनोचा रंग लिंगाच्या गुणसूत्रावरून जातो. बाप ल्युटिनो आणि आई साधी हिरवी असली की पिवळी निघालेली सगळी पिल्लं माद्या आणि बाकीचे सगळे नर. म्हणजे या दोघांची पिल्लं झालीच, तर अंगावर पिसं फुटली की निकाल लागेल, नाकाकडे बघावंही लागणार नाही.