सेकंड हँड पॉइंट टू-टू पिस्टल आणि मिसफायर : माझा अनुभव

नेमबाजीत २५ मीटर पिस्टल हा इव्हेंट करणाऱ्या मुलींना माहितीये, नवीन इम्पोर्टेड वेपन म्हणजे घरच्यांवर केवढा बोजा. म्हणून मी एका सिनियर ताईचं जुनं पॉइंट टू-टू (.२२ बोअरचं) सेमी-ऑटोमॅटिक स्पोर्ट पिस्टल घेतलं. कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, एका लायसन्सवाल्याने दुसऱ्याला विकायचं तर आर्म्स ॲक्टप्रमाणे आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, ते सगळं रीतसर झालं, माझ्या लायसन्सवर एंट्री झाली आणि मग वेपन हातात आलं. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडला याच इव्हेंटमध्ये गोल्ड घेतलं तेव्हापासून मला हेच करायचं होतं, त्यामुळे आनंद विचारू नका.

पण पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर प्रॅक्टिस सुरू केली आणि मिसफायर व्हायला लागले, म्हणजे ट्रिगर दाबला तरी गोळी पेटतच नाही. या इव्हेंटच्या पहिल्या, सावकाश नेम धरायच्या प्रिसिजन भागात तसं निभावतं, ५ शॉटला ५ मिनिटं असतात. दुसऱ्या, रॅपिड भागात मात्र दर शॉटला टार्गेट ३ सेकंद समोर आणि मग ७ सेकंद बंद, त्यात हात वर येतो, साईट बसते, ट्रिगर सुटतो आणि नुसतं टक्. एक शॉट गेला एवढंच नाही, पुढच्या शॉटला मन आधीच धास्तावतं आणि बोट ट्रिगर झटकायला लागतं, हे नुकसान मला जास्त वाटतं.

असं मिस (मिसफायर) झालं की लगेच बोल्ट, म्हणजे गोळीच्या मागचा सरकता भाग, ओढायचा नाही हे नवीन मुलांना परत परत सांगावंसं वाटतं. नळी टार्गेटकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कारण कधीकधी गोळी उशिरा पेटते, मग मॅगझिन काढायचं, बोल्ट उघडायचा. आणि आवाज फुसका आला तर तिथेच थांबायचं, शिसं नळीत अडकलेलं असू शकतं, त्यावर दुसरी गोळी मारली तर नळी जाते, हाताचंही काय होईल सांगता येत नाही.

रेंजवर ज्याला विचारावं तो म्हणणार गोळ्यांचा लॉट खराब आहे, बदल. माझे कोच, सर, मात्र म्हणाले, "आधी मिस झालेल्या गोळ्या बघ, मग बोल." पॉइंट टू-टूमध्ये मसाला गोळीच्या बुडाला मधोमध नसतो, कडेच्या पोकळ रिममध्ये असतो. फायरिंग पिन रिमला चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेच्या, काठावर चेपते तेव्हा तो पेटतो. म्हणजे गोळी पूर्ण आत टेकलेली पाहिजे. थोडी बाहेर राहिली असेल तर पिनचा फटका आधी तिला पुढे ढकलण्यात जातो, खिळा हलत्या फळीवर ठोकल्यासारखं, आणि रिमवर नुसता उथळ खड्डा पडतो.

मग मी मिस झालेली प्रत्येक गोळी मार्करने खूण करून वेगळी ठेवायला लागले आणि सरांसमोर एकेक परत लोड करून मारली. काहींचा खड्डा चांगला खोल होता तरी त्या पेटल्या नव्हत्या, त्या फिरवून दुसऱ्या जागी पिन पडली की पेटल्या, म्हणजे तिथे रिममध्ये मसालाच नीट पसरलेला नव्हता, हा गोळीचा दोष. पण अशा थोड्याच. बहुतेकींचा खड्डा उथळ होता आणि त्या न फिरवता दुसऱ्या फटक्याला पेटल्या. तिथे मला पटलं की लॉट बदलून काही होणार नाही, गोळी पूर्ण बसत नाहीये.

बोल्ट काढून आत टॉर्च मारला तर चेंबरच्या पुढच्या भागात मेण, शिसं आणि कार्बनचं कडक कडं जमलं होतं, बोअरमधून (नळीच्या आतून) कापड फिरवून ते निघत नाही, ब्राँझचा ब्रश आणि सॉल्व्हंट घेऊन चेंबर वेगळं घासावं लागतं. फायरिंग पिनच्या खाचेतही जुनं तेल सुकून चिकट काळा राळ झाला होता, आणि डिसेंबरात सकाळी सकाळी बालेवाडीला गारठा असतो तेव्हा मिस जास्त का व्हायचे ते पण कळलं, गार पडलं की असलं तेल पिनला अजूनच धरून ठेवतं. ती खाच स्वच्छ करून जवळजवळ कोरडीच ठेवली.

मिस बरेच कमी झाले, पण थांबले नाहीत. चेंबरमध्ये डमी (बिनमसाल्याची नकली गोळी) घालून बघितली तर एका बाजूने रिम किंचित वर राहत होती, नखाला लागेल इतपत. भिंग लावल्यावर दिसलं, जिथे पिन पडते तिथे चेंबरचा काठ चेपलाय आणि धातूची बारीक कोर आत आलीये. रिकाम्या चेंबरवर वर्षानुवर्षं ड्राय मारलं, म्हणजे गोळी न घालता ट्रिगर दाबायचा सराव केला, की रिमफायरमध्ये (अशा रिममध्ये मसाला असलेल्या गोळीच्या वेपनमध्ये) हेच होतं, मध्ये गोळीची रिम नसते, पिन सरळ काठावर आदळते. हे जुनं मॉडेल आहे, ड्रायची वेगळी सोय नाही.

इथे मात्र घरी कानस बिनस अजिबात लावायची नाही, चेंबरमधलं मटेरियल एकदा गेलं की गेलं. मी लायसन्स असलेल्या गनस्मिथकडे दिलं. त्यांनी घासलं नाही, चेंबरच्या मापाचं एक गुळगुळीत टोकाचं हत्यार असतं ते घालून आत आलेली कोर दाबून परत काठाला बसवली. त्यांचं काम बघत बसावं असं होतं, घाई नाही, दर वेळी डमी टाकून बघायचे. बोल्टला परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंगही त्यांनीच बदलली, जुनी इतकी दमली होती की बोल्ट पूर्ण बंद होण्याआधीच ढिला पडायचा.

आता खोल खड्डा, स्वच्छ शॉट. गोळीच्या दोषाने क्वचित एखादी जाते ती जाते. ड्राय करायचं तर डमी घालूनच करते, एकाच जागी मार खाऊन ती खराब झाली की बदलते. बोटाची झटका मारायची सवय अजून पूर्ण गेली नाहीये, त्यासाठी सर मला न सांगता मॅगझिनमध्ये मध्येच एखादी डमी भरून देतात, ती आली की नळी हलली का ते सगळ्यांना दिसतं.